आमोदला चार शब्द

केळवणाचा बेत शुभदावहिनींचा होता, कट मात्र उल्काचा होता. तिच्या मुलीचं, स्वरालीचं लग्न तोंडावर आलेलं, तेव्हा सदाशिव पेठेतल्या थोरल्या काका-काकूंनी तिला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला जेवायला बोलावणं रीतीला धरूनच होतं. पण त्या रीतीच्या आडोशाने उल्काने मोठ्या दिरांना फोन लावला होता. "भाऊजी, स्वरालीचं कौतुक वहिनी करतील. तुम्ही तेवढं आमोदला चार शब्द सुनावा. आमचं त्याला काही लागत नाही."

"लागेल असं बोलायला अक्कल लागते," दिगंबरभाऊजी म्हणाले. "आण त्याला."

भाऊजींनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांनी कधी कुणाला हात लावला नाही, त्याची गरजच पडली नाही. त्यांचे विद्यार्थी आता आजोबा झालेत आणि तरी लक्ष्मी रस्त्यावर सर दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जातात. या घराण्यात सगळ्या आजारांवर औषध एकच, ते म्हणजे टोमणा. ताप येवो, नापास होवो, नोकरी जावो. आधी टोमणा मिळायचा आणि मग पाणी. उल्का सून म्हणून आली तेव्हा पहिलं वर्ष तिने रडून काढलं, दुसऱ्या वर्षी उत्तरं द्यायला शिकली, आणि आता भाऊजींच्या खालोखाल तिचाच नंबर लागत होता. त्याचा तिला अभिमान होता, उगाच नाही कशाला म्हणा.

गेल्या दिवाळीपासून तिचा मुलगा मर्द होत होता. त्याचे वर्ग ऑनलाइन होते. हिंजवडीतल्या कंपनीत आठ-नऊ तास संगणकासमोर मान मोडून झाली की आमोद 'पुरुषपर्व' नावाच्या ग्रुपवर जायचा. ग्रुप चालवणारे पुष्करसर वयाने तिशीच्या आतले आणि दाढीने पन्नाशीचे. त्यांचे नियम सोपे होते. पहाटे पाचला उठायचं, गार पाण्याने अंघोळ करायची, साखर सोडायची आणि हसायचं कमी, कारण हसणाऱ्या पुरुषाची किंमत उतरते. बाईला कारण द्यायचं नाही, बाईची माफी मागायची नाही, आणि तिने मेसेजला उत्तर द्यायला जेवढा वेळ लावला त्याच्या दुप्पट आपण लावायचा. हे सगळं काटेकोर पाळणाऱ्या वीराचे बदाम उल्का भिजत घालायची आणि त्याचा ओला टॉवेल पलंगावरून उचलून उल्काच वाळत टाकायची.

मौज म्हणजे सुरुवातीला घर खूश होतं. पुण्यात मुलगा पाचला उठून गार पाणी अंगावर घेतो म्हटलं की त्या अंघोळीनंतर तो कसला विचार करतो हे कुणी विचारत नाही. उल्काच्या नवऱ्याने, अनंतने मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पुष्करसर प्रत्येक भाषणाची सुरुवात संस्कृत सुभाषिताने करत, म्हणून उल्काने शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं की आमोदने नोकरी सांभाळून संस्कारवर्ग लावलाय. सुभाषिताच्या पुढचं भाषण तिने कधी ऐकलं नव्हतं. मग एक दिवस आमोदने जाहीर केलं, की ताईचं लग्न झालं की तो पुष्करसरांच्या हिंजवडीतल्या फ्लॅटवर कायमचा राहायला जाणार. तिथे असे आठ-दहा मर्द एकत्र राहतात. घर म्हणे पुरुषाला मऊ करतं. त्या दिवशी उल्काने पुढचं भाषण ऐकलं, बायकांबद्दलचं ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. पोरगा हातचा चालला होता. म्हणून भाऊजींना फोन.

कर्वेनगरहून ही चौघं ठरल्या वेळेला साडेबाराला पोचली. होणारा जावई चेतन हिंजवडीहून यायचा होता, तो एक वाजायला आला तेव्हा उगवला.

"या, या," भाऊजी दार उघडत म्हणाले. "आम्हाला वाटलं आता थेट बोहल्यावरच भेट."

चेतन अमरावतीचा. पुण्यात पाच वर्षं काढूनही टोमणा हा टोमणा आहे हे त्याच्या चटकन लक्षात यायचं नाही. "नाही जी काका, वाकडच्या पुलावर अडकून राहिलो होतो," असं म्हणत त्याने वाकून नमस्कार केला. टोमणा वाया गेला. भाऊजींना वाया गेलेल्या टोमण्याची फार हळहळ वाटते.

वहिनींनी डायनिंग टेबलावरही प्रत्येक ताटाभोवती रांगोळी काढली होती. मसालेभात, अळूची भाजी, सुरळीच्या वड्या, पंचामृत, श्रीखंड-पुरी, कशातही कसूर नव्हती. अनंत नेहमीप्रमाणे सगळ्यांना पाणी वाढत होता आणि नेहमीप्रमाणे थोडं रांगोळीवर सांडत होता.

"अहो, थोडं पाणी पेल्यातही घाला," उल्का म्हणाली. "रांगोळीची तहान भागली आता."

सगळे हसले. अनंतही हसला आणि फडकं आणायला आत गेला.

भाऊजींनी पहिली पुरी संपवली आणि कामाला सुरुवात केली. "काय आमोदराव? श्रीखंडाला हात नाही लावलात. साखरेने मिशी गळते का?"

"साखर बंद आहे, काका."

"बरोबर आहे. जगात जेवढी राज्यं बुडाली ती सगळी श्रीखंडात बुडाली. मी इतकी वर्षं मुलांना उगाच वेगळं शिकवलं."

स्वरालीला ठसका लागला. आमोद ताठ बसून काकडी चावत राहिला. शुभदावहिनींना श्रीखंडाचा अपमान सहन होईना, त्यांनी विषय बदलला. "ते जाऊ दे. आमोद, हाताला जरा व्यायाम ठेव हो. होमाच्या वेळी चेतनरावांचा कान पिळायचाय तुला. चेतनराव, तुमच्याकडे असते ना कानपिळी? मुलीचा भाऊ येतो आणि जावयाचा कान पिळून बजावतो, की माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे."

"असते ना, काकू. आमच्याकडे तर जोरात पिळतात."

"मी पिळणार नाही," आमोद म्हणाला.

"का रे? लाजतोस?"

"पुरुषाने पुरुषाला चारचौघांत, बायकांसमोर मान खाली घालायला लावायची नसते. तिथूनच घसरण सुरू होते."

भाऊजींनी हातातली वडी खाली ठेवली. असा चेंडू त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. "अनंता, ऐकलंस का? तुझ्या घसरणीची तारीख सापडली. उल्काच्या भावाने मांडवात तुझा कान पिळला, त्या दिवसापासून तू घसरतोयस."

"आमचा दादा म्हणाला होता," उल्का म्हणाली, "की पिळायला गेलो तर हाताला काही लागलंच नाही."

आता मात्र टेबल हादरलं. वहिनींनी पदराने डोळे पुसले. अनंत पुऱ्यांचं ताट हातात धरून दारात उभा होता, तोही हसला. आमोदचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायचे तसेच. उल्काला वाटलं, लागू पडतंय औषध. फक्त एवढंच तिला चमत्कारिक वाटलं, की तो भाऊजींकडे बघत नव्हता, बापाकडे बघत होता.

"आणि त्या तुमच्या फ्लॅटवर दहा मर्द राहतात म्हणे," भाऊजी रंगात आले होते. "भांडी कोण घासतं?"

"मावशी येतात."

"वा! म्हणजे पर्व पुरुषांचं आणि कंबर मावशींची."

"आणि बदाम, काका?" स्वराली म्हणाली. "तिथे बदाम कोण भिजवणार याचं? मर्दाला पाण्यात बदाम टाकता येत नाहीत."

आमोदने ताट पुढे सरकवलं. "हसा. पण जिजू हसतायत का बघा. जिजू, सांगा ना यांना. मागच्या महिन्यात तुम्ही चार दिवस ताईचा फोन उचलला नाही. ऑफिसमध्ये रिलीज होतं म्हणालात. तो सल्ला कुणाचा होता?"

हसणं मध्येच तुटलं. ते चार दिवस उल्काला चांगले आठवत होते. स्वराली फोन हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होती, आणि उल्काने तिची समजूत काढली होती, "लग्नाआधीच सुटलीस तर स्वस्तात सुटलीस म्हण." तिच्या मते ती समजूतच होती.

"चेतन?" स्वराली म्हणाली.

चेतनला खोटं बोलता आलं असतं. टेबलावरच्या निम्म्या लोकांना ते आवडलंही असतं. "त्यानंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "घर कुठे घ्यायचं यावरून आपलं वाजलं होतं ना? हा म्हणाला, चार दिवस गप्प बसा, ती आपोआप लाइनीवर येईल."

"आणि तू बसलास."

"बसलो."

"का?"

"पहिल्या दिवशी जड गेलं मला. दुसऱ्या दिवशी तुझे फोनावर फोन येऊन राहिले. खोटं नाही बोलत स्वराली, बरं वाटलं. आपल्यासाठी कोणी तडफडते, हे बरं वाटते माणसाला. मग तू रडत बोललीस, तेव्हा माझी मलाच किळस आली. पण तुला सांगायची हिंमत नाही झाली."

"वा," भाऊजी म्हणाले. "म्हणजे जावईसुद्धा पर्वातलाच." या वेळी कुणी हसलं नाही. भाऊजींनी उगाच मिठाचं सट सरकवलं.

"आमोदने काढलं म्हणून सांगितलंस," स्वराली चेतनला म्हणाली. "नाहीतर?"

"नाहीतर नसतं सांगितलं."

"ठीक आहे. लग्नाचं काय ते आपण संध्याकाळी बोलू. दोघंच." तिचा आवाज स्थिर होता, पण पुरीचा तुकडा तिने मोडून मोडून भुगा केला होता. मग ती भावाकडे वळली. "आमोद, मी तुझं काय वाकडं केलं होतं रे?"

"तुझं काही नाही. जिजूंचं वाकडं होऊ नये म्हणून केलं मी." तो म्हणाला. "त्यांचे बाबा होऊ नयेत म्हणून."

"कुणाचे बाबा?" वहिनींना कळेना.

"आमचे. आमच्या बाबांसारखं त्यांचं होऊ नये म्हणून." आता तो थांबेना. "हसा ना आता. रोज हसता. बाबांनी पाणी सांडलं की हसा, बोलले की हसा, गप्प बसले की हसा. बाबा स्वतःही हसतात. मी कळायला लागल्यापासून बघतोय, आमच्या घरात बाबा म्हणजे जोक आहे. मला नाही व्हायचंय तसं. आणि आई, त्या मुलीने, मैत्रीने मला नाही म्हटलं ते मी तुला येऊन सांगितलं होतं. आठवतंय? जेवताना. काय म्हणालीस तू? 'मुलगी हुशार दिसते.' सगळे हसले. मीपण हसलो. त्याच रात्री पुष्करसरांचा पहिला व्हिडिओ बघितला मी. ते म्हणाले, भावा, जे तुझ्यावर हसतात त्यांच्यात किती दिवस राहणार आहेस?"

उल्काला आधी ते आठवेना. मग आठवलं. वाक्य जमलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी तिने ते शेजारणीलाही ऐकवलं होतं. मैत्री कोण, किती दिवसांची ओळख, पोराला किती लागलंय, यातलं काहीच तिने विचारलं नव्हतं.

"काकू, राग मानू नका," चेतन म्हणाला, "पण मीपण हॉस्टेलवर असताना वर्षभर असलंच ऐकून राहिलो होतो. पुढचं सगळं घाण असते. बायकांबद्दल तर ऐकवत नाही. पण आत जायचं दार तेवढंच असते. तिथं आपल्यावर कोणी हसत नाही."

सांगायला हे शेवटचं दीड वाक्य, आणि भाऊजींच्या चार शब्दांपेक्षा ते जास्त लागलं. उल्काला वाटलं, हे आपल्याला फोन करायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर.

"भाऊजी, तुम्ही तरी बोला हो काही," शुभदावहिनी अनंतला म्हणाल्या.

अनंतने पुऱ्यांचं ताट खाली ठेवलं. सवयीने त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण ते टिकलं नाही. "वाईट वाटायचं रे," तो म्हणाला. "रोज नाही, पण वाटायचं."

उल्का नवऱ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं तिला वाटत होतं की याला मजा येते. आपलं दोघांचं प्रेम असंच आहे, खोड्या काढण्याचं, असंही ती बहिणीला सांगायची.

"मग बोलला का नाहीत कधी?" आमोदने विचारलं.

"बोललो असतो तर त्यावरही हसले असते." अनंत म्हणाला. "माझी चूक झाली, बोलायला हवं होतं. पण एक सांगतो. त्याचा राग म्हणून मी तुझ्या आईला चार दिवस सोड, एक संध्याकाळसुद्धा रडत ठेवलं नाही. ताईला तू रडवलंस, आणि दुसऱ्या पुरुषाला ते शिकवलंस. ते तुझ्या सरांचं असेल, माझ्याकडून तू ते नाही शिकलास. मला त्यात पुरुषपण दिसत नाही."

आमोदच्या ग्रुपवर याला उत्तर असणार, पण ते आयत्या वेळी त्याला सापडलं नाही. तो उठला. "मी आजच जातो फ्लॅटवर. घरी जाऊन बॅग घेतो." आणि तो दाराबाहेर पडला.

उल्का खुर्ची मागे ढकलून उठली.

"तू नको," अनंत म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता. "मी जातो खाली." दारातल्या चपलांत पाय सरकवून तो मुलाच्या मागे गेला. दार उघडंच राहिलं. उल्का परत बसली. नवऱ्याने 'तू नको' म्हटल्याचं तिला आजवर आठवत नव्हतं, आणि ते ऐकून तिला राग आला नाही याचं तिलाच नवल वाटलं.

जिन्यातून आवाज येत होते. आधी आमोदची धडाधड पावलं, मग अनंतची फटफट, मग दोन्ही थांबली. अनंत काहीतरी बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण तो सलग बोलत होता, कुणी मध्ये तोडत नव्हतं. मग आमोदचा आवाज आला, बारीक, चिरका, तो अकरावीत असताना होता तसा. रडत होता पोरगा. जेवणाच्या टेबलावर कुणी हलत नव्हतं. श्रीखंडाची वाटी तशीच होती. देवा, एवढं होऊ दे, उल्का मनात म्हणाली. मी पुन्हा कधी काही बोलणार नाही, एवढं पोरगं वर येऊ दे.

पावलं पुन्हा वाजली, सावकाश, आता दोघांची बरोबर. ती वर येत होती की खाली जात होती ते ओळखू येत नव्हतं.

दिगंबरभाऊजींना मौन झेपत नाही. तो त्यांचा दुष्टपणा नाही, त्यांना शांततेत काय करायचं असतं ते माहीतच नाही. त्यांनी दाराकडे मान वळवली, चपलांच्या ओळीकडे पाहिलं आणि हळूच, अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "अनंता मर्दाची समजूत काढायला गेलाय खरा. पण पायात शुभदाच्या फुलाफुलांच्या चपला आहेत."

आणि उल्का हसली.

तिला हसायचं नव्हतं. हुंदका यावा तसं ते हसू आलं, तिने तोंडावर हात नेला तोवर ते निघून गेलं होतं. तिचं हसणं खणखणीत, साऱ्या घराण्यात नावाजलेलं. उघड्या दारातून ते जिन्यात गेलं आणि जिन्यात चांगलं घुमलं.

पावलं थांबली. मग एकट्याची पावलं धावत खाली गेली. खाली मोटारसायकल सुरू झाली आणि तिचा आवाज पेठेच्या गर्दीत मिसळून गेला.

अनंत वर आला. दारात उभं राहून त्याने पायातल्या चपला काढल्या आणि वहिनींच्या म्हणून एका बाजूला नीट लावून ठेवल्या.

"कोण हसलं?" त्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती, ते हसणं तो तीस वर्षं ओळखत होता.

"मी," उल्का म्हणाली.

"तो वर येत होता," अनंत म्हणाला.